काळं ऑइल, जुनं इंजिन

काळं ऑइल कितीही गाळलं तरी काळंच राहतं. पाच मायक्रॉनच्या पिशवीतून काढा, एक मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, सेंट्रिफ्यूजमध्ये रात्रभर फिरवा. काचेच्या बाटलीत भरून उजेडासमोर धरलं तर पलीकडचं बोट दिसत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, फिल्टर कुठंतरी फाटला. तो फाटलेला नसतो. काळेपणा असतो काजळीचा आणि ती काजळी मायक्रॉनच्याही आतली. शिवाय ऑइल बनवणाऱ्यांनीच त्यात असं द्रव्य घातलेलं असतं, की काजळीचा कण दुसऱ्या कणाला चिकटू नये, गोळे होऊन ऑइलच्या वाटा बुजू नयेत. इंजिनात हे द्रव्य फार मोलाचं. पिंपात मात्र तेच आपल्या आड येतं. महिनाभर पिंपाला हात लावला नाही तरी ही काजळी तळाला बसत नाही.

एवढी एक गोष्ट नीट ध्यानात आली, की इंजिनातून काढलेल्या ऑइलवर ट्रक चालवण्याच्या खटाटोपात काय साधतं आणि काय साधत नाही, हे निम्मं कळलं म्हणायचं. उरलेलं निम्मं पंप आणि नोझल उघडल्यावर कळतं.

माझा धंदा पंप-नोझलचाच. उमेदवारी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात झाली. पंप बेंचवर चढवायचा, सहाही लाइनींचं डिझेल मोजून सारखं करायचं, नोझल टेस्टरला लावून हॅंडल मारायचं आणि फवारा बघायचा. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा उडतो आणि दाब सुटल्यावर टोकाला थेंब राहत नाही. टोकाला थेंब लोंबला की ते नोझल बाजूला. आता बरीच वर्षं अमेरिकेत, इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात, हेच काम करतो. कमिन्सचं मुख्यालय याच राज्यात, कोलंबस गावी आहे. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली, त्यामुळे इंजिनाच्या झाकणावरचं ते नाव इकडं येण्याआधीपासून ओळखीचं. इथल्या शेतकऱ्यांकडं जुन्या डिझेल पिकअप पुष्कळ. ज्याच्याकडं जुनी पिकअप, त्याच्याकडं गोठ्याच्या मागं काळ्या ऑइलचं एखादं पिंप असतंच. ट्रॅक्टरचं, कंबाइनचं, ट्रकचं ऑइल बदललं की ते तिथं जमतं. मग कधीतरी मनात येतं, हे जाळता येईल का? येतं. मीही माझ्या शेतावरच्या जुन्या ट्रकमध्ये डिझेलात मिसळून ते वापरतो. पण कुठल्या ट्रकमध्ये, कुणाचं ऑइल आणि किती, याची उत्तरं आधी द्यावी लागतात.

पहिली अट ऑइल कुणाचं ही. मी फक्त स्वतःच्या आणि शेजारच्या दोन शेतांवरच्या गाड्यांचं ऑइल घेतो. गॅरेजच्या सामायिक पिंपातलं फुकट दिलं तरी घेत नाही. त्या पिंपात काय काय गेलंय याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. कुणी ब्रेक क्लीनर ओततो, कुणी कूलंट, कुणी गिअरचं ऑइल. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते जळलं की आम्ल तयार होतं. नोझल आणि एक्झॉस्ट खातं, आणि आसपासच्या माणसांच्या फुप्फुसातही जातं. अमेरिकी नियमांत वापरलेल्या ऑइलमधल्या क्लोरीन वगैरे हॅलोजनचं प्रमाण दहा लाखांत एक हजार भागांच्या वर गेलं, की त्यात घातक कचरा मिसळलाय असंच धरून चालतात. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ते बाळगणाऱ्याची. हा नियम मला पटतो.

कूलंट तर क्लोरीनपेक्षाही जास्त वेळा सापडतं. हेड गॅस्केट गेलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये ग्लायकॉल उतरतं. ते फिल्टरमधून सरळ पार होतं आणि पुढं पंपाच्या एलिमेंटवर चिकट थर धरतं. पाणी ओळखणं त्यामानानं सोपं. तवा चांगला तापवायचा आणि वर ऑइलचे दोन थेंब सोडायचे. तडतडलं की पाणी आहे. ग्लायकॉलसाठी मी टिपकागद वापरतो. ऑइलचा एक थेंब कागदावर टाकून रात्रभर ठेवायचा. चांगल्या ऑइलचा डाग कडेकडेनं फिकट होत पसरतो. कूलंट पडलेल्या ऑइलचा डाग पसरतच नाही. मधोमध काळा, घट्ट ठिपका राहतो आणि त्याची कड धारदार दिसते. कूलंटनं त्या काजळी सुटी ठेवणाऱ्या द्रव्याला निकामी केलेलं असतं. नुसत्या डागावरून छातीठोक सांगता येत नाही, पण असा डाग दिसला की ते ऑइल मी वेगळ्या पिंपात टाकतो आणि जाळत नाही.

आता गाळण्याचं काम. आधी पिंप उभं ठेवून पंधरा-वीस दिवस तसंच राहू द्यायचं. काजळी बसत नाही, पण पाणी, वाळू आणि जाडा गाळ बसतो. वरचं तीन चतुर्थांश ऑइल वरूनच ओढून घ्यायचं, तळाला हात लावायचा नाही. मग जाडी पिशवी, मग बारीक पिशवी. इथवर कुणीही करतं. खरं काम सेंट्रिफ्यूजचं. दूध संघात मलई काढायचं जे यंत्र असतं, जे स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ साली केलं, त्याचंच हे भावंड. ऑइल ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पातळ करायचं आणि बारीक धारेनं फिरत्या भांड्यात सोडायचं. तळहाताएवढ्या त्रिज्येचं भांडं मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेतं, तेव्हा आतल्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या तीन-चार हजार पट जोर लागतो. जो कण पिंपाच्या तळाशी जायला महिने घेईल तो भांड्याच्या भिंतीला जाऊन बसतो. धार बारीक ठेवणं हे कौशल्य. घाई करून नळ मोठा सोडला, तर कणाला भिंतीपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही आणि ऑइल जसं आत गेलं तसंच बाहेर येतं.

सेंट्रिफ्यूज थांबवून भांडं उघडण्याचा क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो. भिंतीला करडा-काळा, मऊ थर बसलेला असतो. हातमोजा घालून त्यातला थोडा चिमटीत घेऊन चोळला, की मोज्यावर बारीक चमक उमटते. ती इंजिनातली झीज. चुंबक फिरवला की काही कण उठून चिकटतात. ते लोखंडाचे, रिंगा, लायनर, गिअर यांचे. जे उठत नाहीत आणि तांबूस दिसतात, ते बेअरिंग-बुशचे. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये हे तांबूस कण अचानक वाढलेले दिसले, तेव्हा मी त्यांना त्याच दिवशी ट्रॅक्टर थांबवायला सांगितलं. बेअरिंग उघडली तर शेवटच्या घटका मोजत होती. क्रॅंक वाचला. ऑइल जाळून जे डिझेल वाचतं त्यापेक्षा असं एखादं इंजिन वाचणं मला जास्त किमतीचं वाटतं.

हातमोज्याचा उल्लेख केला तो उगाच नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली कर्करोगकारक द्रव्यं असतात. आमच्या पिढीनं कोपरापर्यंत काळे हात करून काम केलं, संध्याकाळी रॉकेलनं हात धुतले आणि त्याचा अभिमानही बाळगला. आज कुठल्याही पोराला तसं करू देऊ नये.

गाळलेलं ऑइल पंपात घालण्याआधी दाटपणाचा प्रश्न सोडवावा लागतो. चाळीस अंशाला डिझेलचा दाटपणा दोन ते साडेचार सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतो. पंधरा-डब्ल्यू-चाळीस ऑइलचा त्याच तापमानाला शंभरच्या वर. म्हणजे पंचवीस ते पन्नास पट दाट. असं दाट ऑइल नोझलमधून धुक्यासारखं उडत नाही, धारेसारखं जातं; ते पिस्टनच्या माथ्यावर आदळतं, अर्धवट जळतं आणि तिथंच कोळसा धरतं. म्हणून पातळ करायचं ते डिझेलनं, आणि ऑइल थोडं, डिझेल पुष्कळ. मी पाचात एक भाग याच्या वर कधी जात नाही आणि थंडीत त्याच्याही निम्म्यावर येतो. इथं जानेवारीत पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. त्या थंडीत दाट मिश्रण फिल्टरच्या दारातच अडतं.

काही जण ऑइल पातळ करायला पेट्रोल घालतात. त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. डिझेलची वाफ बावन्न अंशांच्या खाली सहसा पेट घेत नाही, त्यामुळे डिझेलच्या टाकीजवळ काम करताना आपण बिनधास्त असतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशालाही पेटते. डिझेलच्या टाकीत थोडं पेट्रोल पडलं, की ती टाकी दिसायला डिझेलची आणि वागायला पेट्रोलची होते. ऑइल तापवायच्या हीटरशेजारी असं मिश्रण ढवळणं म्हणजे शेडला आणि माणसाला आग लावण्याची तयारी. माझ्या शेडमध्ये हे चालत नाही.

आता इंजिनाचं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला यशस्वी झालं, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. म्हणजे मिळेल ते तेल जाळण्याचा गुण या इंजिनात जन्मापासूनचा आहे. अमेरिकी लष्करानं हा गुण पुढं नेला. त्यांचा अडीच टनी ट्रक, एम-३५, जुन्या लष्करी सामानाच्या लिलावांतून इथल्या कितीतरी शेतांवर पोचलाय. त्याच्या बहुइंधनी इंजिनात जेट विमानाचं इंधन, रॉकेल, डिझेल, वेळ पडली तर पेट्रोलही चालावं अशी योजना होती. दाबगुणोत्तर बाविसास एक. पिस्टनच्या माथ्यात गोल वाटी आणि इंधन त्या वाटीच्या तापलेल्या भिंतीवर पसरवायचं. ही युक्ती जर्मनीच्या एमएएन कंपनीत झिगफ्रीड मॉयरर यांनी शोधलेली. आणि पंपावर एक छोटा भाग, जो इंधनाच्या दाटपणाप्रमाणे मात्रा आपोआप कमी-जास्त करतो. आमच्या शेजारच्या आजोबांकडं असा ट्रक आहे. पहाटे तो सुरू झाला की शिट्टी ऐकू येते, टर्बोची. पंपावरचा तो छोटा भाग मी एकदा खोलून साफ करून दिला होता. इलेक्ट्रॉनिक्सचा मागमूस नाही, सगळं स्प्रिंग आणि पिस्टनवर. त्या माणसांच्या कामाबद्दल मनात आदर दाटून आला.

साध्या ट्रकांत असा सोशिकपणा १९९४ ते १९९८ दरम्यानच्या डॉज रॅममध्ये सापडतो. ५.९ लिटरचं बारा व्हॉल्वचं कमिन्स आणि त्यावर बॉशचा पी-७१०० हा सरळ रांगेतला पंप. या पंपाचा कॅम आणि बेअरिंग इंजिनाच्या ऑइलवर चालतात. इंधन वाईट आलं तर एलिमेंट खराब होतं, पण पंपाचं पोट शाबूत राहतं. त्याच्या आधीच्या वर्षांतल्या त्याच इंजिनावर रोटरी पंप होता. त्याचं सगळं वंगण इंधनातूनच. तिथं घाणेरडं इंधन गेलं की पंपच संपतो. एलिमेंटच्या प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि कॉमन रेलच्या नव्या इंजिनांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. त्या दाबानं एखादा कठीण कण इंजेक्टरच्या सीटवरून गेला तर तो सीट कापत जातो. म्हणून कॉमन रेलच्या गाडीत गाळलेलं ऑइल घालू का, या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर आहे: नाही.

पण समजा, गाळणी इतकी उत्तम झाली की एकही कठीण कण राहिला नाही. तरीही ऑइलमध्ये विरघळलेलं जे असतं ते जात नाही. जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस. ही द्रव्यं ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली. झीज थांबवायला, आम्ल मारायला. ती कणरूपात नसतातच, त्यामुळे सेंट्रिफ्यूजला ती दिसतही नाहीत. आणि ती जळून नाहीशी होत नाहीत, त्यांची राख होते. ट्रकच्या डिझेल इंजिनांसाठीच्या सीजे-४ दर्जाच्या ऑइलला राखेची मर्यादा वजनाच्या एक टक्का आहे. शंभर लिटर मिश्रणात वीस लिटर असं ऑइल असेल, तर पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत राख त्या टाकीतून निघते. काही व्हॉल्ववर बसते, काही नोझलच्या टोकाशी, बाकीची एक्झॉस्टमधून हवेत. माझ्या ट्रकची नोझल मी दर हिवाळ्यात काढून भिंगाखाली धरतो. भोकाच्या कडेनं पांढुरकं-करडं कडं धरलेलं असतं. काजळीचं कडं पितळी ब्रशनं निघतं, हे निघत नाही. शुद्ध डिझेलवर चाललेल्या नोझलला असं कडं मी कधी पाहिलेलं नाही.

गंधकाचंही तसंच. अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमध्ये २००६ पासून दहा लाखांत पंधरा भाग एवढंच गंधक चालतं. सीजे-४ ऑइलमध्ये ते चार हजार भागांपर्यंत असू शकतं. २००७ पासूनच्या ट्रकांना काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, आला. त्यात अडकलेली काजळी तापवून जाळता येते, राख जाळता येत नाही. ती साठत जाते आणि शेवटी फिल्टर चोंदतो. म्हणूनच इथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००७ आणि त्यानंतरच्या डिझेल वाहनांत वापरलेलं ऑइल, नुसतं किंवा डिझेलात मिसळून, घालायला बंदी केली. अपवाद एवढाच, की बनवणाऱ्यानं ऑइल मिसळूनच चाचण्या दिलेल्या असाव्यात आणि प्रमाणपत्र त्यावरच मिळालेलं असावं. हा अपवाद हवेतून आलेला नाही. त्याआधी कमिन्सनं स्वतःच सेंटिनेल नावाची योजना मोठ्या इंजिनांसाठी काढली होती. इंजिनातलं थोडं-थोडं ऑइल मोजून इंधनात सोडायचं आणि तेवढंच नवं ऑइल वरून भरायचं. त्यात ऑइल त्याच इंजिनाचं, मात्रा अगदी कमी आणि मोजलेली. आम्ही शेडमध्ये करतो ते काम त्या शिस्तीच्या जवळ जितकं जाईल तितकं बरं.

करांचा मुद्दाही टाळता येत नाही. रस्त्यावरच्या डिझेलवर इथं गॅलनमागं २४.४ सेंट केंद्रीय कर आहे, राज्याचा वेगळा. घरी तयार केलेलं इंधन घालून रस्त्यावर गाडी नेली तरी तो लागतो. माझा ट्रक शेताच्या बाहेर जात नाही. गवताच्या गठड्या आणि खताची पोती वाहणं एवढंच त्याचं काम, आणि त्याच्यामागं कुणाचं मूल सायकलवर नसतं. ज्यांच्या ट्रकमागं काळ्या धुराचा लोट उठतो आणि ज्यांना त्यात मर्दुमकी वाटते, त्यांच्याबद्दल मला चीड आहे. फुकटच्या इंधनाची किंमत मागच्या गाडीतल्या माणसानं का मोजावी?

गेल्या दिवाळीत शिरोळहून पुतण्याचा फोन आला. "काका, हितं गॅरेजवाल्याकडं बॅरलच्या बॅरल काळं ऑइल पडून असतंय. तुम्ही फिल्टर मारून गाडीत घालता म्हणं. मी पिकअपला घालू काय?"

"पिकअप कुठल्या सालची?"

"एकवीसची. बीएस-सहा."

"मग एक थेंबसुद्धा नको. कॉमन रेल आहे, डीपीएफ आहे. हजारभराचं डिझेल वाचवशील आणि इंजेक्टरला लाखाच्या घरात घालशील."

"मग त्या ऑइलचं करायचं काय? भंगारवाला लिटरवर नेतोय. कुणी सेंट्रिंगच्या फळ्यांना मारायला मागतंय."

त्याचा हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता. भंगारवाल्यानं नेलेलं ऑइल कुठं जातं हे त्याला कुणी विचारत नाही. ते भट्टीत जातं, किंवा नुसतं गाळून, रंग बदलून, डब्यात भरून पुन्हा नवीन म्हणून कुणाच्या तरी इंजिनात येतं. सेंट्रिंगच्या फळ्यांना मारलेलं पहिल्या पावसात मातीत उतरतं. गटारात ओतलेलं तर सरळ नदीलाच. एका गाडीच्या एका वेळच्या ऑइलनं दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडू शकतं, असं इथली पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

ऑइल झिजत नाही, मळतं. त्यातलं मूळ तेल शाबूत असतं. ते परत मिळवायचं तर पाणी उडवून, निर्वात भांड्यात ऊर्ध्वपातन करून, हायड्रोजनच्या दाबाखाली शुद्ध करावं लागतं. जी काजळी आणि जे जस्त माझ्या सेंट्रिफ्यूजला हरवतात, ते तिथं तळाच्या अवशेषात राहतात आणि वर पिवळसर, पारदर्शक तेल निघतं. आमच्याच राज्यात ईस्ट शिकागो गावी असा मोठा कारखाना आहे. एक गॅलन वापरलेल्या ऑइलमधून जेवढं नवं वंगण निघतं, तेवढंच काढायला बेचाळीस गॅलन कच्चं तेल लागतं. हे ऐकल्यावर ते ऑइल नोझलमधून उडवून जाळायला हात आखडतो. माझ्या पिंपातलं बहुतेक ऑइल आता तिकडंच जातं. ट्रकमध्ये जातं ते थोडं, माझ्या नजरेखालचं, आणि जिथं डीपीएफ नाही, रस्ता नाही, अशाच ठिकाणी.

भारतात वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आहे. म्हणून गॅरेजवाल्या मित्रांना एवढंच सांगणं: कूलंट आणि ब्रेक क्लीनर वेगळ्या डब्यात ठेवा, ऑइलच्या पिंपाला झाकण लावा, ऑइल राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या, आणि पावती मागा.